कोट न काढता

मिनेसोटातल्या आमच्या नॉर्डबीत कुणाच्या घरी मयत झाली, कुणाचं धान्याचं कोठार जळलं, कुणाला मोठ्या दवाखान्यात हलवलं, की बायका आधी ओव्हन लावतात आणि मग चौकशी करतात. काचेच्या लांबट भांड्यात खिमा, त्यावर डब्यातलं मशरूमचं सूप आणि वरून बटाट्याचे छोटे गोळे ओळीने लावायचे. याला आम्ही हॉटडिश म्हणतो. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर आपलं नाव लिहायचं. दारात उभं राहून भांडं द्यायचं, "तीनशे पन्नासवर अर्धा तास" एवढं सांगायचं आणि मागे फिरायचं. आत जायचं नाही, कोट काढायचा नाही. कोट काढला की ती भेट होते, भेट झाली की कॉफी आली, आणि ज्याच्यावर आकाश कोसळलंय त्याला आपल्यासाठी कॉफी करायला लावणं आमच्यात असभ्य मानतात. भांडं परत येतं तेव्हा त्यात वड्या असतात, निदान बिस्किटं तरी.

हे सगळं एक दिवस मला शपथेवर जजला समजावून सांगावं लागलं. नको तिथे तोंड बंद ठेवण्याची आणि नको तिथे उघडण्याची खोड मला पहिल्यापासून आहे.

मी आर्लिस टोलेफसन. मेन स्ट्रीटवर माझं पार्लर आहे, दोन खुर्च्यांचं. एका खुर्चीवर गिऱ्हाईक बसतं, दुसरीवर मी माझी पर्स ठेवते. नवरा ओरिन जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा वेड ॲरिझोनात असतो आणि दर रविवारी फोन करून मला हवामान सांगतो.

तरुणपणी मी आणखी एक काम करायचे. गावात स्कार यांचं अंत्यविधीगृह आहे, तीन पिढ्यांचं. तिथे मयत झालेल्या बायकांचे केस मी करून द्यायचे. लोकांना ऐकून अंगावर काटा येतो, पण मला ते काम आवडायचं. जिवंत बायका आरशात बघून कुरकुर करतात. या नुसत्या शांत पडलेल्या असायच्या, आणि त्यांच्या मुली शेवटचं बघून म्हणायच्या, "अगदी आईसारखी दिसतेय." यापेक्षा मोठी शाबासकी मला पार्लरमध्ये कधी मिळाली नाही.

सत्त्याऐंशीच्या मार्चमधल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, व्हर्लिन स्कारने मला फोन करून बोलावलं. मी एकतीस वर्षांची होते, तो छत्तिसांचा. मिसेस एंगेनचे केस करायचे होते. मी मागच्या खोलीत कर्लर तापवत होते. त्याने पुढच्या हॉलमधलं ऑर्गनचं रेकॉर्ड मोठ्याने लावलं, मागचं दार आतून लावलं आणि म्हणाला, "घरचे लोक मधेच येतात, म्हणून." पुढे काय झालं ते मी कोर्टात एकदा सगळं सांगितलं आहे, इथे पुन्हा सांगत नाही. मिसेस एंगेन तिथेच टेबलावर होत्या. मी ओरडले नाही. मला आजही कळत नाही, पण त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं होतं की या म्हाताऱ्या बाईसमोर आरडाओरडा बरा दिसणार नाही.

नंतर त्याने शर्ट खोचला, हॉलमध्ये गेला आणि पांढऱ्या ग्लॅडिओलीचा मोठा गुच्छ घेऊन आला. आदल्या दिवशीच्या अंत्यविधीतला. त्यावरची 'लाडक्या आजीला' लिहिलेली रिबीन त्याने माझ्यादेखत सोडली, घडी करून खिशात ठेवली आणि गुच्छ माझ्या हातात दिला. "घरी घेऊन जा. इथे वाया जातील."

मी घेऊन गेले. रस्त्यात टाकले असते तर कुणीतरी बघितलं असतं आणि विचारलं असतं. ओरिनने फुलं बादलीत ठेवली, मग फुलदाणीत, आणि जेवणाच्या टेबलावर आणून मांडली. "बरा माणूस आहे स्कार," तो म्हणाला. ती फुलं नऊ दिवस टिकली. नऊ दिवस मी त्यांच्यासमोर बसून जेवले. मग ओरिनला सांगितलं की तिथल्या औषधांच्या वासाने मला खोकला होतो, आणि ते काम सोडून दिलं.

ओरिनला खरं कधी सांगितलं नाही. तो गेला तेव्हा वेडने फोनवरूनच सगळं ठरवलं. दुसरं अंत्यविधीगृह चाळीस मैलांवर आहे, आणि आई का नाही म्हणतेय हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. माझ्या नवऱ्याला शेवटची अंघोळ स्कारने घातली. कबरीपाशी बर्फ होतं म्हणून त्याने माझं कोपर धरलं, आणि सगळ्या गावासमोर मी त्याला म्हणाले, "थँक यू, व्हर्लिन." त्या दिवसाइतकी मी स्वतःवर दुसऱ्या कुठल्याच दिवशी चिडलेली नाही.

मग गेल्या वर्षी, मार्चमध्येच, पेपरात बातमी आली. केलिन ब्रँडवोल्ड नावाच्या मुलीने व्हर्लिन स्कारवर दिवाणी दावा लावला होता. वय अठ्ठावीस, आमच्या गावातल्या डार्लाची लेक, स्कारकडे मयतांचे केस आणि मेकअप करायची, आता फार्गोला राहते. बातमी चार ओळींची होती, पण 'लैंगिक अत्याचार' हा शब्द त्यात होता, आणि आमच्या साप्ताहिकात तो पहिल्यांदाच छापून आला असावा.

त्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता, पण विषयाचं नाव कुणी घेत नव्हतं. स्कारच्या भावाची बायको लव्हॉन स्वयंपाकघर सांभाळते. ती कप मांडत म्हणाली, "डार्लाची पोर लहानपणापासून जरा नाटकीच. नाताळच्या कार्यक्रमात देवदूत केलं नाही म्हणून किती रडली होती, आठवतंय ना?"

"आठवतंय," कुणीतरी म्हणालं.

"आणि व्हर्लिनने तर तिला नोकरी दिली. करायला जावं भलं."

मी साखर ढवळत बसले. मी साखर घेत नाही.

घरी आले आणि ओव्हन लावला. खरंच सांगते, काही ठरवलं नव्हतं. हातांना जे येतं ते हात करत होते. भांडं टॉवेलात गुंडाळून गाडीच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा बांधला आणि दीड तास गाडी हाकत फार्गोला गेले. पत्ता फोनच्या वहीत होता, कारण डार्ला ब्रँडवोल्ड माझी गिऱ्हाईक. लेकीला पार्सल पाठवताना तिने एकदा माझ्याकडे बसून लिहिला होता.

मुलीने दार साखळी लावून उघडलं.

"तुम्हाला त्यांनी पाठवलंय का?" तिने विचारलं.

"नाही. मी नॉर्डबीची आहे. हॉटडिश आणलीय."

ती भांड्याकडे बघत राहिली. केस विंचरलेले नव्हते. माझा हात आपोआप उचलला जाणार होता, तो मी आवरला.

"का?"

"जेवली नसशील."

तिने साखळी काढली आणि भांडं घेतलं. मी तापमान आणि वेळ सांगितली. ती म्हणाली, "थँक यू, मॅम," आणि मी निघाले. माझं नावही तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. एक पाय पायपुसण्यावर होता, दुसरा बाहेर.

परतीच्या वाटेपासून मात्र मला काही राहवेना. महिनाभर मनाशी घोळवून शेवटी मी तिच्या वकीलबाईंना फोन केला. नेओमी फेल्ड, मिनिॲपोलिसच्या. मी सगळं सांगितलं. फुलांपाशी आले तेव्हा त्यांनी मला मधेच थांबवलं.

"मिसेस टोलेफसन, रिबीन काढली म्हणालात?"

"खिशात ठेवली. का?"

"फुलांचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार? माझ्याच घरी होती ती."

मग त्यांनी मला समजावलं. केलिनलाही त्याने फुलं दिली होती, रिबीन काढून, त्याच शब्दांत. तिने पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना ते सांगितलं होतं आणि त्यांच्या कागदावर त्याची नोंद होती, पण दाव्याच्या अर्जात किंवा पेपरात ते कुठेही आलं नव्हतं. माझा स्वतःचा दावा लावायची मुदत कधीच संपून गेली होती. पण अशा खटल्यांसाठी फेडरल कोर्टात एक नियम आहे. एरवी माणसाची जुनी पापं ज्युरीपुढे आणता येत नाहीत, प्रत्येक गोष्ट तिच्या तिच्या पुराव्यावर ठरते. लैंगिक अत्याचाराच्या दाव्यात मात्र त्याने पूर्वी आणखी कुणाशी तसंच केलं असेल तर ते ज्युरीला ऐकवता येतं. आधी जज ऐकणार, ज्युरीला बाहेर ठेवून. त्यांना ते ज्युरीने ऐकण्याजोगं वाटलं तर मग ज्युरी ऐकणार.

"ज्युरीत किती माणसं?" मी विचारलं.

"आठ."

मी फोन ठेवला. मला त्याच्याकडून काही नको होतं. माफी तर नकोच होती, त्याची माफी घेऊन मी ठेवणार कुठे? पण आठ माणसं एका खोलीत बसणार, आणि मी बोलेन ते त्यांना ऐकावं लागणार. मधेच उठून कुणाला कॉफी ओतता येणार नाही. बत्तीस वर्षांत मला दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये वकिलाच्या ऑफिसात माझी शपथेवर जबानी झाली. स्कारचा वकील व्हिटकॉम, गोरापान, हसतमुख. त्याने विचारलं, "केलिन ब्रँडवोल्ड यांना तुम्ही कधी भेटलात का?"

"नाही," मी म्हणाले.

खोटं बोलावं असं मनातही नव्हतं. भेटले नव्हतेच मी. कोट काढला नव्हता.

साक्षीदारांच्या यादीत माझं नाव आल्याचं गावाला कळलं, आणि त्या हिवाळ्यात नॉर्डबीतल्या बायकांचे केस वाढायचे थांबले. पार्लरमध्ये मी एकटी रेडिओ ऐकत बसायची. वाईट कुणी वागलं नाही. आमच्याकडे कुणी वाईट वागत नाही. चर्चमध्ये सगळे "हाय आर्लिस" म्हणायचे, थंडी किती पडली ते सांगायचे, आणि माझ्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा सोडून बसायचे. पास्टरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि "प्रार्थनेत आहात तुम्ही" म्हणाले. काय झालं होतं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. वेडला मी फोनवर सांगायला गेले. "व्हर्लिन स्कारच्या केसमध्ये मी साक्षीदार आहे," एवढंच बोलले, तर तो म्हणाला, "आई, या वयात कशाला त्या भानगडीत पडतेस?" मग त्याने हवामान सांगितलं.

फेब्रुवारीत केस उभी राहिली. ज्युरी आदल्या दिवशीच निवडली होती आणि त्यांना त्यांच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. साक्षीदाराला आपली पाळी येईपर्यंत आत बसता येत नाही, म्हणून मी बाहेरच्या बाकावर होते. समोर लिफ्ट, बाजूला पाण्याचं यंत्र, आणि एक बंद दार, ज्यामागून अधूनमधून हसण्याचा आवाज यायचा. ती माझी आठ माणसं होती. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि ती बहुतेक पत्ते खेळत होती.

मला आत बोलावलं. जज बाई होत्या, साठीच्या, केस आखूड कापलेले आणि मागून नीट न उतरवलेले. केलिन पुढच्या टेबलाशी होती, माझ्याकडे बघत नव्हती. स्कार दुसऱ्या टेबलाशी. म्हातारा झाला होता. बघून दया यावी असा चेहरा करून बसला होता आणि मला खरंच क्षणभर आली, त्याचाच मला जास्त राग आला. ज्युरीच्या आठ खुर्च्या रिकाम्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून बोलले, सवय व्हावी म्हणून.

मी सगळं सांगितलं. मिसेस एंगेनचं, ऑर्गनचं, दाराचं, फुलांचं. आवाज फाटला नाही. आपलाच आवाज आपल्याला असा ऐकू येतो हे मला नवीन होतं.

मग व्हिटकॉम उठला.

"मिसेस टोलेफसन, तुमच्याकडे काचेचं एक लांबट भांडं आहे का? निळ्या झाकणाचं?"

"आहे."

"बुडाशी तुमच्या नावाची पट्टी?"

"सगळ्यांच्याच असते."

"गेल्या वर्षी मार्चच्या शेवटी डार्ला ब्रँडवोल्ड यांनी हे भांडं चर्चच्या स्वयंपाकघरात तुमच्यासाठी आणून ठेवलं. त्यात लिंबाच्या वड्या होत्या. मिसेस लव्हॉन स्कार यांनी ते स्वतः पाहिलं, हे त्यांचं प्रतिज्ञापत्र. डार्ला त्यांना म्हणाल्या, लेकीकडून आलंय." त्याने कागद टेबलावर ठेवला. "हे भांडं फार्गोला कसं गेलं?"

"मी नेलं."

"कोणाकडे?"

"केलिनकडे."

"म्हणजे तुम्ही दावा लागल्यावर, साक्ष द्यायच्या आधी, वादीच्या घरी गेलात. आणि मला शपथेवर सांगितलंत की भेटलेल्या नाहीत. आता या दोघींच्या हकिगतीत फुलंही तीच, रिबीनही तीच, वाक्यंही तीच." तो जजकडे वळला. "एका घरात शिजलेल्या गोष्टीची चव सारखीच लागणार, युअर ऑनर."

तेव्हा केलिनने माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. मी तीच बाई आहे हे तिला त्या क्षणी कळलं. तिला बिचारीला नावच माहीत नव्हतं, बुडाची पट्टी तिच्या आईने वाचली होती. फेल्डबाईंनी पेन खाली ठेवलं. मी त्या पोरीच्या घासात माती कालवली होती, आणि तीही माझ्याच हॉटडिशने.

"मी भेटले नाही," मी म्हणाले. "भांडं दिलं."

"फरक काय?" व्हिटकॉम हसला. तो शिकागोचा होता.

जजबाईंनी चष्मा काढला. "मिस्टर व्हिटकॉम, बसा जरा. मिसेस टोलेफसन, तुम्ही आत गेलात?"

"नाही. एक पाय पायपुसण्यावर होता."

"कोट काढलात?"

"नाही, युअर ऑनर."

"कॉफी?"

"तिने विचारलीही नाही. आणि तिने विचारावी अशी वेळ नव्हती तिच्यावर."

"बोललात काय?"

"तीनशे पन्नास, अर्धा तास. झाकण काढून."

"या प्रकरणाबद्दल? फुलांबद्दल?"

"एक शब्दही नाही. तो बोलायला मला आणखी महिना लागला, आणि तेही फोनवर."

"मग जबानीत नाही का म्हणालात?"

मी भेटीचं, कोटाचं, कॉफीचं सगळं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते मूर्खपणाचं वाटत होतं. टंकलेखन करणारी मुलगी मान खाली घालून टाइप करत होती, कॉफी, कोट, वड्या, सगळं. जजबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं.

मी पुन्हा बाकावर. तासभर तरी गेला असेल. मला माझ्यापुरती एकच भीती होती: त्या नाही म्हणतील, आणि त्या आठ खुर्च्या माझ्यासाठी रिकाम्याच राहतील. पोरीचं नुकसान होईल हेही डोक्यात होतं, पण दुसऱ्या नंबरावर. पहिलं माझं स्वतःचं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

फेल्डबाई बाहेर आल्या त्या जवळजवळ धावतच.

"ऐकणार आहेत ज्युरी तुम्हाला. सगळं ऐकणार. भांडंही ऐकतील, व्हिटकॉम काय विचारायचं ते विचारेल, आणि विश्वास ठेवायचा की नाही ते तेच ठरवतील. जजबाई म्हणाल्या, मी या राज्यात साठ वर्षं काढलीत, दारात भांडं देणं आणि भेटायला जाणं यातला फरक मला कळतो आणि ज्युरीलाही कळेल."

मी उठून उभी राहिले. "आत्ता?"

"जेवणाच्या सुटीनंतर. इथेच थांबा."

मी बाथरूममध्ये जाऊन केस नीट केले. कॉलर सरळ केली. आरशात बघून पहिलं वाक्य म्हणून पाहिलं. 'माझं नाव आर्लिस जोआन टोलेफसन, मी नॉर्डबीत जन्मले.' मला बरं वाटत होतं. बऱ्याच वर्षांनी कुणाकडे तरी जायचंय, आणि तिथले लोक वाट बघताहेत, असं.

सुटी लांबली. वकील ये-जा करू लागले. व्हिटकॉम फोनवर बोलत जिन्याकडे गेला, परत आला, फेल्डबाईंना घेऊन एका खोलीत शिरला. स्कारचा मुलगा आला. दोन वाजले, अडीच वाजले. मग केलिन एकटीच बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. या वेळी तिने केस विंचरले होते.

"मिसेस टोलेफसन, मिटलं," ती म्हणाली. "त्यांनी मिटवलं. तुम्ही ज्युरीपुढे जाणार हे ठरलं आणि तासाभरात मिटवलं त्यांनी. अंत्यविधीगृह तो सोडणार, मुलाच्या नावावर करणार. बाकीचं मला बोलता येणार नाही. मी सही केलीय."

"कशावर?"

"कुणाशी बोलायचं नाही यावर."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, तिचाच आला. बत्तीस वर्षं थांबून मी त्या दारापर्यंत आले होते आणि एका सहीने तिने ते लावून घेतलं. मग मी तिच्या हातांकडे पाहिलं. नखं पार मुळापर्यंत कुरतडलेली. या पोरीला अजून पन्नास वर्षं जगायचंय.

"बरं केलंस," मी म्हणाले.

"तुमच्यामुळे झालं."

"घरी जा. झोप."

तिला मला मिठी मारायची होती असं वाटतं. आम्ही दोघी मिनेसोटाच्या, त्यामुळे तिने माझ्या बाहीला हात लावला आणि लिफ्टकडे गेली.

फेल्डबाई कागद आवरत आल्या. "तुम्ही कशावर सही केलेली नाही, लक्षात ठेवा," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला वाटेल ते तुम्ही वाटेल त्याला सांगू शकता." आणि त्यांनाही विमान गाठायचं होतं.

मी बसून राहिले. वाटेल त्याला. नॉर्डबीत असा कोण होता? घरी जाऊन रेडिओला सांगू? ओरिनच्या दगडाला? हिवाळ्यात तो बर्फाखाली असतो.

मग ते बाजूचं दार उघडलं आणि माझी आठ माणसं बाहेर आली. जजबाईंनी त्यांचे आभार मानून त्यांना सोडलं होतं. पाच पुरुष, तीन बायका, कोट चढवत, किल्ल्या शोधत. एक तरुण म्हणत होता की निदान सँडविच तरी फुकट मिळालं. एक जाडा माणूस पाण्याच्या यंत्रापाशी वाकला आणि माझ्याकडे बघून "शुभ दिवस" म्हणाला. ती सगळी माझ्या पायांजवळून जात होती. ज्यांना ऐकावं लागणार होतं ती हीच माणसं, आता त्यांना काहीच करावं लागणार नव्हतं.

शेवटी एक बाई राहिली, माझ्याच वयाची, शेतकरणीसारखे रुंद हात. बर्फाचे बूट चढवायला ती माझ्याशेजारी टेकली.

"दोन दिवस आम्हाला कोंडून ठेवलं आणि एक अक्षर ऐकवलं नाही," ती बूट ओढत म्हणाली. "तुम्ही या केसच्याच का?"

"हो."

"काय होतं एवढं?"

तोंड उघडलं, आणि आमच्याकडे कुणीही काहीही विचारलं की जे उत्तर येतं तेच आलं. आई मरताना डॉक्टरांना हेच म्हणाली होती.

"काही विशेष नाही," मी म्हणाले.

"असंच असतं," ती म्हणाली, उठली आणि लिफ्टकडे गेली. लिफ्ट आली. आत बाकीचे दाटीवाटीने उभे होते, तिच्यासाठी सरकून जागा करत होते.

मी कशी उठले ते आठवत नाही. पर्स बाकावरच राहिली.

"थांबा," मी म्हणाले. "विशेष होतं."

तिने मागे वळून पाहिलं. आतून कुणीतरी म्हणालं, "येताय ना? रस्ते गोठायला लागतील." लिफ्टचं दार मिटायला लागलं होतं. तिने त्यात हात घातला, ते पुन्हा उघडलं.

"तुम्ही व्हा पुढे," तिने त्यांना सांगितलं आणि परत येऊन बाकावर माझ्याशेजारी बसली. तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मी माझं नाव सांगितलं, आणि मग मार्चमधल्या त्या रविवारापासून सुरुवात केली.